गाळलेल्या अक्षराची खूण

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस निमंत्रणाचे पत्र घातले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. हा कामगार चळवळीतला माणूस आहे, तेव्हा तो संपांचा, टाळेबंदीचा, फार तर बोनसचा इतिहास सांगेल. आम्ही उलट टपाली विषय कळविला तो 'इंग्रजीतील अपॉस्ट्रॉफी'. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन करून विचारले, विषय लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. एका चिन्हाने आमच्या आयुष्यातले काही दिवस खाल्ले आहेत, आणि त्याचा माग काढता काढता आम्ही पुष्कळ वाचले. ते एकदा लोकांपुढे मांडावे असे फार दिवस मनात होते.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. त्यानंतरचे सगळे कारखान्याच्या नोटीस बोर्डावर, रद्दीच्या दुकानात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. १९९३ साली आम्ही एका इंजिनिअरिंग कारखान्यात हेल्पर होतो. रात्रपाळी साडेबाराला सुटे, आणि त्या वेळी गावाकडे जायला कोणतेही वाहन नसे. अंधारातून हमरस्त्याच्या कडेने दोन कोस चालावे लागे. कंपनीने बस द्यावी असा अर्ज करायचे ठरले. त्यातल्या त्यात इंग्रजी येणारे आम्हीच, म्हणून लेखणी आमच्या हाती आली. आम्ही लिहिले की, इतके अंतर रात्री आम्हांला चालवत नाही. त्या 'कान्ट' या शब्दात 'एन्' आणि 'टी' यांच्या मधोमध डोक्यावर जी स्वल्पविरामासारखी खूण द्यावी लागते ती आम्ही दिली नाही. ती द्यावी लागते हेच आम्हांस ठाऊक नव्हते. साहेबांनी तांबड्या पेन्सिलीने त्या शब्दाभोवती वर्तुळ काढले आणि अर्ज परत दिला. म्हणाले, "आधी इंग्रजी शीक, मग अर्ज कर." शेजारी बसलेले टाइमकीपरही हसले.

घरी येऊन आम्ही कोश उघडला. खूण काढून टाकली म्हणजे त्या शब्दाचा अर्थ होतो दांभिक भाषा, ढोंगाची बडबड. म्हणजे रस्त्यावरचा अंधार आमचा, आणि कागदावर ढोंगही आमचेच! बाजारातल्या टायपिस्टाकडून पुन्हा अर्ज करून घेतला. त्यात आणखी काही खुसपट निघाले. या सगळ्यात पंधरवडा गेला. त्या पंधरवड्यात आमच्यातला एकजण ट्रकचा धक्का लागून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्या खुणेचा आणि त्या पायाचा काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हीही अनेकदा स्वतःला तेच विचारले आहे.

असो. आता खुणेकडे वळू.

इंग्रजीत 'डू नॉट' या दोन शब्दांचा 'डोन्ट' होतो, 'इट् इज्'चा 'इट्स' होतो, 'आय् विल्'चा 'आय्ल' होतो. बोलताना मधला स्वर किंवा एखादे व्यंजन गळून जाते. ते गळाले त्या जागी लिहिताना एक खूण ठेवतात, तीच अपॉस्ट्रॉफी. शब्द मूळचा ग्रीक. 'वळविणे, दूर सारणे' असा त्याचा अर्थ. ग्रीक लेखक दोन शब्दांच्या सांध्यावर स्वर लोपला म्हणजे ही खूण देत. आपल्याकडे संस्कृतात 'सोऽहम्' लिहिताना जो अवग्रह देतात, त्याचे काम हेच: येथे एक 'अ' होता, तो संधीत गेला, एवढे वाचकाला सांगणे. मराठीने मात्र आपल्या बोलीसाठी अशी खूण कधी ठेवली नाही. 'आला आहे'चा आपण 'आलाय' करतो, 'केले आहे'चे 'केलंय' करतो, आणि मधल्या गेलेल्या अक्षरासाठी कोणी दिवा लावून बसत नाही. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० च्या सुमारास इंग्रजी विरामचिन्हे मराठीला समजावून दिली. स्वल्पविराम आपण घेतला, प्रश्नचिन्ह घेतले, पूर्णविराम घेतला. ही लोपाची खूण 'आलाय'च्या वाट्याला आली नाही, आणि तिच्यावाचून 'आलाय'चे काही अडलेही नाही.

इंग्रजीचेही पूर्वी अडत नव्हते. चौदाव्या शतकातला कवी चॉसर 'ने वॉज' या दोन शब्दांचा सरळ 'नॅस' करी, 'ने इज्'चा 'निस' करी, 'आर्ट् दाऊ'चा 'आर्टो' करी, आणि कोठेही खूण नाही. वाचणाऱ्याला कळत असे, कारण वाचणारा तीच भाषा बोलत असे. मग ही खूण आली कोठून? ती आली छापखान्यातून. १५०१ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसने पेत्रार्कच्या इटालियन कविता छापल्या, त्यात ही खूण वापरली. फ्रान्समध्ये जॉफ्रॉय तोरी याने १५२९ साली आपल्या ग्रंथात फ्रेंचसाठी तिचा पुरस्कार केला. पुढे १५४० मध्ये लिआँ शहरात एतिएन दोले या मुद्रकाने विरामचिन्हे आणि स्वरचिन्हे यांवर पुस्तिका काढली. लिआँचे नाव ऐकून आमच्यासारख्याचे कान टवकारतात, कारण आदल्याच वर्षी, १५३९ साली, त्याच शहरात छापखान्यातल्या कामगारांनी मजुरी आणि जेवण यांवरून मोठा संप केला होता. युरोपातल्या जुन्या संपांत त्याची गणना होते. दोलेचा शेवट वाईट झाला. प्लेटोच्या नावावर चालणाऱ्या एका संवादाचे भाषांतर करताना मरणानंतर माणूस 'मुळीच काही' उरत नाही असे तीन जादा शब्द त्याने घातले, हा त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. १५४६ साली पॅरिसमध्ये त्याला जाळले. विरामचिन्हांचा विषय निरुपद्रवी आहे असे समजणाऱ्यांनी या माणसाची आठवण ठेवावी.

इंग्रजीत ही खूण सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर हळूहळू दिसू लागली. तिच्यासाठी तक्रार नोंदवणारा एक माणूस आम्हांस फार जवळचा वाटतो. तो म्हणजे नाटककार बेन जॉन्सन. याचा सावत्र बाप गवंडी. बेन वेस्टमिन्स्टरच्या शाळेत शिकला खरा, पण नंतर त्याच्या हाती थापी आली, आणि गवंड्यांच्या संघाचा तो सभासद होता. त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० च्या सुमारास छापले गेले. त्यात तो म्हणतो की, ही अर्धवर्तुळासारखी खूण शब्दाच्या माथ्यावर द्यायलाच हवी, पण लेखकांच्या आणि मुद्रकांच्या हयगयीने ती पुष्कळदा राहून जाते. विटेची ओळ सरळ आहे की नाही हे पाहणारा डोळा येथेही दिसतो. म्हणजे खूण गाळण्याची तक्रार ही खुणेइतकीच जुनी आहे. साहेबांची तांबडी पेन्सिल काही नवीन नव्हे.

आता शेक्सपिअर. त्याच्या नाटकांचा मोठा संग्रह १६२३ साली विल्यम आणि आयझॅक जॅगार्ड यांच्या छापखान्यात निघाला. त्याची पाने आम्ही छायाचित्रांतून पाहिली आहेत. लोपखुणांची गर्दी आहे. पण या खुणा शेक्सपिअरच्या हातच्या किती, हे सांगणे कठीण. काही नाटकांची मुद्रणप्रत राल्फ क्रेन नावाच्या लेखनिकाने केली होती, आणि या गृहस्थाला अपॉस्ट्रॉफी, कंस आणि जोडरेघा यांचा भारी सोस होता. त्यानंतर मजकूर गेला जुळाऱ्यांच्या हाती. त्यांची नावे पुस्तकावर नाहीत. विसाव्या शतकात विद्वानांनी एकेका पानाची वर्णरचना तपासून त्यांस वेगळे काढले. एकजण 'डू' आणि 'गो' या शब्दांना शेवटी जादा 'ई' लावी, दुसरा लावीत नसे. एवढ्या आधारावर त्यांची नावे ठेवली 'जुळारी अ', 'जुळारी ब', आणि अशीच पुढे. १९६३ साली चार्ल्टन हिनमन यांनी या कामाचे दोन खंड प्रसिद्ध केले. जगातल्या सर्वांत मोठ्या नाटककाराचे शब्द ज्यांनी खिळा खिळा करून उभे केले, त्यांची ओळख एवढीच उरली की, कोण कोणते अक्षर गाळीत असे. मस्टरवर नाव नसलेल्या कंत्राटी कामगारांची संघटना बांधताना आम्हांस हे 'अ' आणि 'ब' पुष्कळदा आठवले आहेत.

येथे थोडे हिशेबाचे बोलू. लोक समजतात की, ही खूण जागा आणि श्रम वाचविण्यासाठी आली. 'डू नॉट'चा 'डोन्ट' केला तर एक अक्षर आणि एक मोकळी जागा वाचते हे खरे. पण त्या काळी सगळ्यांत जास्त लोप होई तो भूतकाळी क्रियापदाच्या शेवटच्या 'ई'चा. 'वॉक्ड' या शब्दात सहा अक्षरे. 'ई' काढून तिच्या जागी खूण बसवली, तर खिळे पुन्हा सहाच! जुळाऱ्याच्या हाताला एकाही खिळ्याची सुटका नाही. मग खूण कशाला? तर कवितेच्या वृत्तासाठी. तो शेवटचा 'एड' स्वतंत्र उच्चारायचा की आधीच्या अक्षरात मिळवायचा, हे नटाला कळावे म्हणून. खूण असेल तर 'वॉक्ड', नसेल तर 'वॉकेड'. म्हणजे ती कानासाठी होती. कामगाराने तिच्यासाठी कष्ट मात्र पुरते केले.

आणि त्या कष्टाचे दाम? ठिकठिकाणी जुळाऱ्यांची मजुरी हजार अक्षरांवर ठरे. मग विरामचिन्हे अक्षरांत मोजायची की नाही? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण सप्टेंबर १९०५ मध्ये मॉस्कोच्या सितीन छापखान्यातले जुळारी संपावर गेले तेव्हा कामाचे तास कमी करा, आणि हजारी दर वाढवून त्यात विरामचिन्हेही धरा, ही त्यांची मागणी होती. स्वल्पविरामाचा खिळा उचलायलाही हात तेवढाच लांब करावा लागतो. तो संप इतर छापखान्यांत पसरला, मग रेल्वेत, आणि ऑक्टोबरात सगळ्या रशियाभर सार्वत्रिक संप झाला. त्यातून झारला जाहीरनामा काढावा लागला. स्वल्पविरामामुळे झार वाकला असे आम्ही म्हणत नाही. भाकरीचा प्रश्न होता, आणि स्वल्पविराम त्या भाकरीचा एक तुकडा होता.

पुन्हा इंग्लंडात येऊ. सतराव्या शतकात 'डोन्ट', 'कान्ट', 'वोन्ट', 'शान्ट' ही मंडळी लिखाणात येऊन स्थिरावली. यातला 'वोन्ट' चमत्कारिक. 'विल् नॉट'चा 'विल्न्ट' व्हायला हवा होता. पण 'विल्'चे 'वोल्' असे एक जुने रूप होते, त्याला 'नॉट' चिकटले. मूळ रूप मेले, चिकटलेले तेवढे राहिले. या मंडळींचा सुळसुळाट पाहून शिष्ट लोक अस्वस्थ झाले. १७१० च्या सप्टेंबरात जोनाथन स्विफ्टने 'टॅटलर' पत्रात अशा शब्दांची यादी देऊन त्यांची खिल्ली उडविली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जोसेफ ॲडिसनने 'स्पेक्टेटर'मध्ये तोच सूर लावला. त्याचे निदान मजेदार आहे. इंग्रज माणूस स्वभावानेच अबोल, तेव्हा त्याला शब्दही तोडून तोडून वापरायला आवडतात. पण त्यामुळे स्वर निघून गेले आणि भाषेत व्यंजनांचे खडे माजले, असे त्याचे म्हणणे. १७१२ साली तर स्विफ्टने भाषा सुधारून कायमची ठरवून टाकावी म्हणून एक प्रस्तावच प्रसिद्ध केला. आणि त्याच सुमारास हे स्विफ्ट महाराज आपल्या जिवलग स्टेलाला जी खासगी पत्रे लिहीत होते, ती याच 'कान्ट' आणि 'डोन्ट'नी भरलेली आहेत! वेतन आयोगापुढे काटकसरीवर बोलणारे आणि घरी मेजवान्या देणारे लोक आम्ही पाहिले आहेत, म्हणून आम्हांस नवल वाटले नाही.

खूण कोठे द्यावी याबद्दलही एकमत नव्हते. 'शॅल् नॉट'मधून दोन ठिकाणी अक्षरे गेली, तेव्हा खुणाही दोन हव्यात, असा काहींचा आग्रह असे. 'ॲलिस'चा लेखक लुईस कॅरल हा गणिताचा अध्यापक. त्याने १८९३ साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत या दोन खुणांचे समर्थन केले आहे. हिशेबात तो बरोबर होता, पण ऐकले कोणी नाही. 'इट्स'चा घोळ आणखी मोठा. 'ते आहे' या अर्थाच्या 'इट्स'ला खूण हवी, 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'ला नको, हा आजचा नियम. या नियमावर आज परीक्षेत गुण कापले जातात. पण अठराव्या शतकात चांगले चांगले लोक 'त्याचे'लाही खूण देत. १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना सुवाच्य अक्षरात लिहून काढली, तिच्या पहिल्या कलमाच्या दहाव्या पोटकलमात 'त्याचे' या अर्थी खूण दिलेला 'इट्स' आजही उभा आहे. त्या कागदाभोवती कोणी तांबडे वर्तुळ काढले नाही. इकडे ॲडिसन म्हणत होता की, षष्ठीचा 'एस' हा 'हिज्' किंवा 'हर्' या शब्दाचे तुटलेले रूप आहे. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात 'हिज्'ची ही समजूत खोडली. 'स्त्रीचे सौंदर्य' म्हणताना 'स्त्री त्याचे सौंदर्य' असे कोण म्हणेल, हा त्यांचा प्रश्न. तो 'एस' जुन्या इंग्रजीतल्या षष्ठीच्या प्रत्ययाचा वंशज आहे, आणि खूण त्यातल्या गेलेल्या 'ई'ची.

आता ज्या माणसासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याच्याकडे येतो. विल्यम कॉबेट, जन्म १७६३, फार्नमच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. शाळा जवळजवळ नाहीच. तरुणपणी पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला, पगार रोज सहा पेनी. तेथे त्याला बिशप लाउथ यांचे व्याकरण मिळाले. हे पुस्तक त्याने हाताने पुन्हा पुन्हा उतरून काढले, तोंडपाठ केले, आणि पहाऱ्यावर उभा असताना तो मनाशी त्याची उजळणी करी. बिछान्याची कड हे आसन, पाठीवरची पिशवी हे ग्रंथालय. एकदा खाण्यासाठी राखून ठेवलेली अर्धी पेनी हरवली तेव्हा तो पांघरुणात तोंड घालून लहान मुलासारखा रडला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी पहिली पाळी होती. आम्ही पुस्तक मिटू शकलो नाही.

हा कॉबेट पुढे मोठा पत्रकार झाला. शिपायांना फटके मारण्याविरुद्ध लिहिल्याबद्दल १८१० पासून दोन वर्षे न्यूगेटच्या तुरुंगात राहिला. १८१७ साली सरकारने हेबियस कॉर्पस तहकूब केला तेव्हा अमेरिकेत निघून गेला, आणि तेथे त्याने आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात इंग्रजीचे व्याकरण रचले. १८१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कोणासाठी? त्याने मुखपृष्ठावरच सांगितले आहे: शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर आणि नांगरे यांच्यासाठी. चुकांचे नमुने म्हणून त्याने घेतली ती शाळकरी वाक्ये नव्हेत. राजाची भाषणे आणि मंत्र्यांचे खलिते घेऊन त्यांतली व्याकरणाची हाडे त्याने मोडून दाखविली.

याची गरज काय होती? गरज होती, कारण इंग्लंडच्या पार्लमेंटात गरिबांचा अर्ज भाषेवरून परत जात असे. १७९३ साली शेफील्डच्या कारागिरांनी मतदानाच्या हक्कासाठी अर्ज केला. त्याची भाषा सभागृहाचा मान न राखणारी आहे, असे कारण देऊन कॉमन्स सभेने तो दाखल करून घेतला नाही. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे गाव. सभ्य इंग्रजी घडविण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले होते? कॉबेटला हे पक्के ठाऊक होते. म्हणून नांगऱ्याच्या हाती व्याकरण देणे हे त्याच्या लेखी राजकारणच होते.

आणि आता गंमत पाहा. अपॉस्ट्रॉफीबद्दल या माणसाचा उपदेश काय? पद्यात तिला जागा असेल, पण गद्यात 'डोन्ट', 'कान्ट' असे आयुष्यात एकदाही लिहू नकोस, ही खूण लोपाची नव्हे तर आळसाची आणि गावंढळपणाची आहे, असे तो मुलाला बजावतो. षष्ठीपुरती तेवढी ती त्याला चालते. वाचून आम्ही थोडे खट्टू झालो. गरिबांचा कैवारी, आणि गरिबांच्या तोंडातल्या शब्दांवर इतका राग? पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानात आले की, हा राग बोलीवर नव्हता. ज्या कागदाच्या जोरावर माणसाला लाथाडले जाते, त्या कागदावर शत्रूला बोट ठेवायला जागाच ठेवू नये, हा त्याचा डाव होता. 'डू नॉट' पूर्ण लिहिले म्हणजे खूण चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. पण या डावाची किंमत आहे. आपण बोलतो ते लिहिण्याच्या लायकीचे नाही, हे त्यात आधी कबूल करावे लागते.

ही किंमत स्कॉटलंडने भरली. अठराव्या शतकात ॲलन रॅमसी, रॉबर्ट बर्न्स हे कवी आपल्या बोलीत लिहीत. बोलीत 'विथ्'ला 'वि' म्हणतात, 'ऑल्'ला 'आ' म्हणतात. छापताना त्या शब्दांच्या शेपटीला अपॉस्ट्रॉफी लावली गेली, जणू तेथे इंग्रजी अक्षर होते आणि स्कॉटिश माणसाने ते हरवले! वास्तविक त्या बोलीत ते अक्षर त्या काळी नव्हतेच. पुढे या खुणेला 'क्षमायाचनेची अपॉस्ट्रॉफी' असे नावच पडले. १९४७ साली एडिंबरोत काही कवी जमले आणि त्यांनी ठराव केला की, आपल्या शब्दांवरच्या या खुणा काढून टाकाव्यात. 'गोइंग'चे 'गोइन्' असे लिहून कामगाराच्या तोंडी घालायची इंग्रजी कादंबऱ्यांची रीतही याच जातीची. पण 'इन्' हा उच्चार मजुरांचा असे म्हणणे खोटे आहे. जुन्या इंग्रजीत या धातुसाधिताचा प्रत्यय 'एन्ड' असा होता, त्यात 'जी' नव्हताच, आणि शिकारीला जाणारे उमराव विसाव्या शतकापर्यंत 'हन्टिन्' असेच म्हणत. उमरावाने म्हटले की ऐट, मजुराने म्हटले की अक्षर गाळले.

महाराष्ट्राला हे परके नाही. जोतीराव फुले यांनी लोकांच्या बोलीत लिहिले, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडविली. 'गुलामगिरी'त प्रश्न काय विचारले आहेत, त्यांना उत्तर देण्यापेक्षा शुद्धलेखन तपासणे सोपे होते. त्याच फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून सुट्टीच्या आणि कामाच्या तासांच्या मागण्या मांडल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. पुढे १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आणि १९६२ साली मराठीच्या नव्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. गेलेल्या नासिक्य उच्चाराच्या त्या खुणाच होत्या. आमच्या वाचनालयातली जुनी पुस्तके त्या टिंबांनी भरलेली आहेत. ती वाचताना आम्हांस अडचण पडली नाही आणि गेल्याचे दुःखही झाले नाही.

बर्नार्ड शॉ या आयरिश नाटककाराने कॉबेटच्या नेमके उलट केले. 'डोन्ट', 'वोन्ट', 'शान्ट' तो बेधडक लिही, आणि खूण देतच नसे. १९०२ साली छपाईच्या नियमांवर लिहिताना त्याने या खुणांना पानावर पसरलेल्या ओंगळ जंतूंची उपमा दिली, आणि आपण वीस वर्षे त्यांच्यावाचून लिहीत आहोत, कोणाचे काही बिघडले नाही, असे सांगितले. जेथे खूण काढल्याने भलताच शब्द होतो, उदाहरणार्थ 'ही विल्'च्या संक्षेपाचा नरक, तेथे मात्र तो ती ठेवी. शॉची नाटके वाचताना आम्ही खूण नसलेला 'डोन्ट' पानोपानी पाहिला, आणि १९९३ चा अर्ज आठवून मोठ्याने हसलो. मात्र एक फरक आहे, तो लपवून चालणार नाही. शॉ खूण गाळी ती जाणून, आम्ही गाळली ती न जाणून. आणि शॉला अर्ज परत देणारा साहेब नव्हता.

म्हणून कॉबेट आणि शॉ यांपैकी आम्ही कोणाच्या बाजूचे, असे विचाराल तर कागद पाहून सांगू. एक अलीकडची गोष्ट ऐका. २०२० साली ऑस्ट्रेलियात घरे विकणाऱ्या एका दलालाने फेसबुकवर दुसऱ्या एका दलालाबद्दल लिहिले की, तो नोकराच्या निवृत्तिनिधीचे पैसे भरत नाही. लिहिताना 'एम्प्लॉईज्' या शब्दातली षष्ठीची खूण राहून गेली. खूण 'एस'च्या आधी असती तर अर्थ होता एका नोकराचे पैसे. ती नसल्याने अनेक नोकर असा अर्थ निघू शकत होता, म्हणजे मालकाची ती रीतच आहे असा आरोप. अब्रुनुकसानीचा दावा झाला, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात न्यू साउथ वेल्सच्या जिल्हा न्यायालयाने तो क्षुल्लक म्हणून काढून टाकायला नकार दिला.

म्हणून आमच्या युनियनच्या करारनाम्यात आणि मागणीपत्रात आम्ही 'शॅल् नॉट' असे पूर्ण लिहितो. तेथे कॉबेटचे ऐकतो. मसुदा तिघांकडून तपासून घेतो, आणि त्यातला एक तरी शाळा सुटलेला असावा असा आमचा रिवाज आहे. कंत्राटी मुले मोबाइलवर जे इंग्रजी-मराठी मिश्र संदेश पाठवितात त्यांत मात्र खूण नसते, कधी स्वरही नसतात. आम्ही त्याला हात लावीत नाही. मध्यंतरी एका उत्साही चिटणीसाने गटावर एका पोराचा 'डोन्ट' दुरुस्त करून पाठविला. त्या पोराने पुढे महिनाभर गटावर काही लिहिले नाही, आणि त्याच्याच खात्यातल्या यंत्राचे संरक्षक जाळे निघालेले होते हे आम्हांस उशिरा कळले. त्या चिटणीसाशी आम्ही बोललो.

आमच्या रात्रपाळीची बस १९९४ च्या पावसाळ्याआधी सुरू झाली. तिसरा अर्ज मराठीत होता, खाली सगळ्या खात्यांच्या सह्या होत्या, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे होते. तांबड्या वर्तुळाचा पहिला अर्ज आमच्याकडे अजून आहे.